बियाण्याच्या पिशवीवरचे फुले

मागच्या उन्हाळ्यात मुळेकाठच्या एका गावात पीक पाहणीला गेलो होतो. एकरभर बागायत आणि अडीच एकर माळ असलेले एक बाबा, वय सत्तरीच्या पुढचं. त्यांच्या बांधावर चिंचेचं जुनं झाड आहे, एका माणसाच्या कवेत न मावणारं. लाकडाचा व्यापारी दोन खेपा करून गेला होता. मुलाचं म्हणणं झाड देऊन टाकावं, कारण त्याच्या सावलीला चार-पाच गुंठे ऊस पिवळा पडतो, फुटवा धरत नाही. बाबांचं मन होत नव्हतं. बोलता बोलता बेण्याचा विषय निघाला, मी फुले २६५ चं नाव काढलं, तेव्हा बाबांनी विचारलं की साहेब, ही फुले कंपनी कुठली, पुण्याची का मुंबईची?

हसू आलं, आणि वाईटही वाटलं. १९६८ साली स्थापन झालेलं आणि राहुरीच्या माळावर उभं राहिलेलं कृषी विद्यापीठ महात्मा फुले यांच्या नावानं चालतं. नगर-मनमाड रस्त्यानं जाताना ते नाव रोज हजारो माणसं वाचतात. विद्यापीठानं काढलेल्या वाणांच्या नावाला फुले हा शब्द लागतो. डाळिंबात फुले अरक्ता आणि फुले भगवा सुपर, सीताफळात फुले पुरंदर, आणि उसातला हा २६५. बाबांच्या घरात फुले नावाचं बियाणं पंधरा-वीस वर्षं येतंय, पण तो माणूस काही आला नाही. दोष बाबांचा नाही. शाळेच्या पुस्तकात जोतीराव भेटतात ते मुलींच्या शाळेपुरते, आणि आम्ही कृषी खात्यातली माणसं वाणाचं नाव सांगतो, नावामागचा माणूस सांगत नाही. म्हणून आज त्यांच्याविषयी लिहितो, आणि मुख्यतः शेतकरी जोतीरावांविषयी. चिंचेच्या झाडाशी त्यांचा काय संबंध, ते पुढं येईलच.

फुले घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे. मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं कटगुण. तिथं काही तंटा झाला आणि घराणं पुरंदर तालुक्यातल्या खानवडीला आलं. जोतीरावांचे आजोबा शेटिबा तिथून पुण्याला आले. त्यांच्या तीन मुलांनी फुलांचा धंदा धरला. पेशव्यांच्या वाड्यात हार, गजरे, फुलांच्या गाद्या यांच्याकडून जात. काम पसंत पडलं आणि पस्तीस एकर जमीन इनाम मिळाली. गोऱ्ह्यांचे फुले झाले ते असे. ही इनाम जमीन पुढं थोरल्या राणोजींनी आपल्या एकट्याच्या नावावर करून घेतली, असं चरित्रकार सांगतात. भाऊबंदकीचं हे दुखणं आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. धाकट्या गोविंदरावांकडे भाजीपाल्याची शेती आणि पुण्यातलं दुकान राहिलं. या गोविंदरावांच्या पोटी ११ एप्रिल १८२७ रोजी जोतीरावांचा जन्म झाला. आई चिमणाबाई मूल वर्षाचं होतं तोवरच वारल्या. सगुणाबाई क्षीरसागर यांनी पोराला वाढवलं.

सातव्या वर्षी शाळेत घातलं, पण थोड्याच वर्षांत काढलं. माळ्याच्या पोराला शिकवून काय करायचं, शिकला तर शेतीच्या कामाचा राहणार नाही, असं दुकानावरच्या कारकुनानं गोविंदरावांच्या मनात भरवलं. पोरगं मळ्यात आलं. खुरपं, मोट, वाफे, भाजीची जुडी, सगळं अंगावर पडलं. १८४० मध्ये सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांच्या मुलीशी, सावित्रीबाईंशी लग्न झालं. दिवसा शेतात काम आणि रात्री दिव्याजवळ पुस्तक, हे शेजारच्या दोघांच्या लक्षात आलं. एक गफ्फार बेग मुन्शी आणि दुसरे लिजिट साहेब. त्यांनी गोविंदरावांना गळ घातली आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. १८४७ पर्यंत तिथलं शिक्षण पुरं झालं.

मळ्यात गेलेली ती मधली वर्षं वाया गेली असं बहुतेक चरित्रांत वाचायला मिळतं. मला तसं वाटत नाही. मी स्वतः शेतीची पदविका घेतलेला माणूस. वर्गात शिकलेली नांगरट आणि बैलामागं चाललेली नांगरट यातला फरक पहिल्या वर्षी नोकरीत कळला. जोतीरावांना तो तेराव्या-चौदाव्या वर्षीच कळला होता. पुढं त्यांनी शेतीवर जे लिहिलं त्यात शेणखत कुठून येतं, कुठं जातं, बैल का खंगतो, जमीन का थकते याचा जो बारीक हिशेब आहे तो कचेरीत बसून लिहिता येणारा नाही.

शिक्षण संपलं त्या सुमाराची एक गोष्ट आपल्या जिल्ह्याची आहे. नगरला अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फॅरार या बाई १८३९ पासून मुलींच्या शाळा चालवत होत्या. जोतीरावांनी नगरला येऊन त्या शाळा पाहिल्या. मुलगी शिकू शकते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं ते इथं. परत गेल्यावर १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीबाई तिथं शिकवू लागल्या. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं त्यातही नगरच्या फॅरारबाईंचा वाटा आहे. पुण्याचं नाव होतं, ते व्हावंच, पण नगरकरांनी आपलं बोट सोडू नये.

पुढची हकिकत बहुतेकांना ठाऊक आहे म्हणून भराभर सांगतो. १८४९ मध्ये वडिलांनी लोकांच्या दबावाखाली मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढलं. शाळा वाढत गेल्या, अस्पृश्य मुलांसाठीही निघाल्या. १८५२ साली विश्रामबाग वाड्यात सरकारनं सत्कार केला. १८६३ मध्ये विधवांच्या मुलांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झालं. १८६८ मध्ये त्यांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८७३ मध्ये गुलामगिरी हे पुस्तक आलं आणि त्याच साली २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. पुण्याच्या नगरपालिकेचे ते काही वर्षं सभासदही होते.

हे सगळं करायला पैसा कुठून आला, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. समाजकार्य म्हणजे वर्गणीवर, अशी आपली समजूत. जोतीराव कमावते गृहस्थ होते. भाजीपाला, फुलं, ओतकामाचे साचे विकण्याची एजन्सी, आणि सरकारी बांधकामाचे ठेके. येरवड्याच्या पुलाला आणि खडकवासल्याच्या धरणाला लागणारा माल त्यांनी पुरवला. धरणावर काम करणारी माणसं कुठली होती? दुष्काळानं, कर्जानं गाव सोडलेली कुणबी, माळी, धनगर, महार, मांग. ठेकेदार म्हणून त्यांच्यात वावरताना हाताखालची खाबुगिरी त्यांनी जवळून पाहिली आणि पुढं ती न लाजता लिहिली.

खडकवासल्याचा कालवा सुरू झाला तेव्हा भोवतालचे शेतकरी पाणी घ्यायला बिचकत होते. पाणीपट्टी भरायची, जमीन खारवते की काय याची धास्ती, आणि पाणी वेळेवर मिळेल याची खात्री नाही. आपल्याकडं मुळेचा कालवा आला तेव्हाची माणसं अजून आहेत, त्यांना हे लगेच पटेल. जोतीरावांनी हडपसरजवळच्या मांजरीला जमीन घेतली आणि कालव्याच्या पाण्यावर बागायत करून दाखवली. भाषण करण्याआधी स्वतःच्या रानात करून बघायचं, ही विस्तार कार्याची जी रीत आम्हाला शिकवतात, ती हीच.

आता आपल्या जिल्ह्याकडं या. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, आणि ते लोण पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरलं. गहाणखतं आणि रोखे काढून जाळले गेले. लगेच पुढच्या वर्षी पाऊस गेला आणि १८७६-७७ चा मोठा दुष्काळ पडला. सत्यशोधक समाजानं धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी बालाश्रम चालवला. आणि ही राख विझते न विझते तोच, १८७८ साली, इंग्रज सरकारनं जंगलाचा नवा कायदा केला. या कायद्यानं राखीव आणि संरक्षित जंगलं ठरली. डोंगर, दऱ्या आणि त्यांच्याबरोबर कित्येक गावांची गायरानं जंगल खात्याच्या हद्दीत गेली. कर्ज, दुष्काळ आणि जंगलबंदी, तिन्ही गोष्टी तीन-चार वर्षांच्या आत एकाच माणसाच्या डोक्यावर आल्या. तो माणूस म्हणजे पाच-सात एकरवाला कुणबी.

या सगळ्याचा जाब म्हणजे १८८३ सालचं शेतकऱ्याचा असूड. पाच प्रकरणांचं छोटंसं पुस्तक. त्यातली प्रकरणं जोतीरावांनी मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांपुढं वाचून दाखवली. बडोद्याला सयाजीराव महाराजांनीही ऐकली. त्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी दीनबंधु पत्रात पहिली दोन प्रकरणं छापली आणि पुढची छापायचं टाळलं, इतकं ते कडक होतं. जोतीरावांना हे लागलं. पुस्तक हयातीत अखेरपर्यंत छापून निघालं नाही.

धर्म, भटशाही, कचेऱ्या यांच्यावरचे त्यातले कोरडे सगळ्यांना माहीत आहेत. झाडांवरचा भाग मात्र वाचणाऱ्यांच्याही नजरेतून निसटतो. जोतीराव सांगतात ते थोडक्यात असं. ज्याची जमीन थोडी आणि त्यावर ज्याचं पोट भरत नसे, तो शेतकरी जवळच्या रानावर अर्धा जगत असे. उंबर, जांभूळ यांची फळं खायला. पळसाची पानं, मोहाची फुलं विकायला. वाळला लाकूडफाटा मोळी बांधून बाजारला न्यायला. गावच्या गायरानावर एक-दोन गायी आणि दोन-चार शेळ्या. त्या पैशातून कपडालत्ता आणि शेतसारा निघे, आणि माणूस गाव न सोडता सुखानं राही. जंगल खात्यानं हे रान आणि गायरान ओढून घेतलं तेव्हा गरिबाच्या शेळीला उभं राहायला जागा उरली नाही.

पुढचा हिशेब आणखी महत्त्वाचा. चराई गेली म्हणून जनावरं घटली, जनावरं घटली म्हणून शेण घटलं. पूर्वी डोंगरावरचा पालापाचोळा आणि जनावरांचं शेणमूत पावसाच्या पाण्याबरोबर उतरून खालच्या शेतात येई, तेही थांबलं. माणसं वाढली, त्यामुळं जमीन वर्ष-दोन वर्षं पड टाकायची सवड राहिली नाही. मग जमीन नापीक झाली, आणि सारा मात्र वाढलेलाच. आज आम्ही प्रशिक्षणात सेंद्रिय कर्ब घटल्याचे तक्ते दाखवतो. जोतीरावांकडं कर्ब हा शब्द नव्हता, पण झाड, जनावर, शेण, जमीन ही साखळी त्यांनी सरळ लावली होती, आणि कुठली कडी कोणी तोडली तेही नाव घेऊन सांगितलं होतं.

रडगाणं गाऊन ते थांबले नाहीत. पाचव्या प्रकरणात उपाय आहेत. सरकारनं जंगलात घातलेली गायरानं गावाला परत द्यावी, आणि तिथं विक्रीसाठी लाकूड तोडायला तेवढी मनाई ठेवावी. फौजेतल्या आणि पोलिसातल्या रिकाम्या माणसांकडून जागोजाग ताली-बंधारे घालून घ्यावे, म्हणजे पावसाचं पाणी शेतात मुरून मग ओढ्यानाल्याला जाईल. जुने तलाव, तळी यांतला गाळ काढून तो शेतात टाकू द्यावा. कालव्याचं पाणी प्रत्येकाला मोजून मिळावं म्हणून शेताशेतावर तोटी बसवावी. परदेशातून चांगल्या जातीची मेंढरं आणि शेळ्या आणाव्या. शेतकऱ्यांच्या मुलांना शेतकीच्या शाळा असाव्या, नांगरटीच्या परीक्षा घेऊन बक्षिसं द्यावी. मृद संधारण, गाळमुक्त धरण, मोजून पाणी, कृषी शिक्षण. आमच्या खात्याच्या योजनांची पुस्तिका उघडून ही यादी शेजारी ठेवा. सन १८८३!

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर आपण जोतीरावांना आपल्या सोयीचे करून घेऊ. ते जंगली जनावरांचे कैवारी नव्हते. रानडुकरं पिकाची नासाडी करतात, आणि सरकारनं शेतकऱ्यांची हत्यारं काढून घेतलेली, याचा त्यांना राग होता. पिकाचं रक्षण सरकारला जमत नसेल तर शेतकऱ्याला बंदूक बाळगू द्यावी, नाहीतर नुकसान भरून द्यावं, असं त्यांचं सांगणं होतं. आज वन खात्याकडून पीक नुकसानीची भरपाई मिळते. ती किती मिळते आणि किती हेलपाटे घालून मिळते हा वेगळा विषय, पण मागणी जोतीरावांची आहे.

दुसरं, त्यांच्या सगळ्याच गोष्टी आज जशाच्या तशा चालणार नाहीत. गायरानावर शेळ्या मोकळ्या सोडल्या तर नवं रोप जगत नाही, हे आपल्याच जिल्ह्यात हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धीनं दाखवलं. तिथं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली तेव्हा डोंगर हिरवे झाले. मग जोतीराव चुकले का? मला वाटतं नाही. या गावांत बंदी गावानं बसून ठरवली, गवत कापून न्यायची मुभा ठेवली, आणि वाढलेलं गवत गावाच्याच दावणीला गेलं. १८७८ ची बंदी वरून आली आणि लाकूड सरकारच्या तिजोरीत गेलं. भांडण झाड राखण्याशी नव्हतंच. झाड कुणाचं, हा प्रश्न होता.

आता बाबांच्या चिंचेकडं येतो. रान आणि गायरान हातातून गेल्यावर लहान शेतकऱ्याला जे रान उरलं ते म्हणजे त्याचा बांध. बाभळीची जुनी लाकडं वखर, कुळव, पाभर यांना लागायची. तिच्या शेंगा शेळ्यांना. कडुनिंबाच्या निंबोळ्या आजही वेचून फवारणीला वापरता येतात. बोर, सीताफळ, शेवगा घरच्या बाईच्या हातात चार पैसे देतात, आणि हे पैसे सोसायटीच्या कर्जात वळते होत नाहीत, ही त्यातली खरी गंमत! चिंच तर खत मागत नाही, पाणी मागत नाही. पाऊस गेला त्या सालीही काही ना काही पदरात टाकते.

आणि पाखरं. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकलेले असतात. ढोलीत पिंगळा राहतो, तो रात्री उंदीर आणि किडे खातो. कोतवाल फांदीवर बसून पिकावरच्या अळ्या, नाकतोडे टिपतो. हरभऱ्यात पक्षिथांबे म्हणून आम्ही काठ्या रोवायला सांगतो. बांधावर झाड असलं तर ती काठी आयती उभी असते, हे सांगायचं राहून जातं. उंबर पिकला की बुलबुल, साळुंक्या, वटवाघळं सगळ्यांची पंगत बसते. भोरड्या मात्र ज्वारीवर पडतात, ते खरं आहे, त्यांचं कौतुक कणीस भरल्यावर कुणी करू नये. बिबट्याचं खापर काही लोक झाडीवर फोडतात. राहुरी तालुक्यात बिबट्या लपतो तो उसात. तिथं त्याला वर्षभर आडोसा आहे. बांधावरची एक चिंच तोडून तो जाणार नाही.

मुलाची तक्रार खोटी नव्हती. झाडाचा वसवा पिकाला बसतोच, आणि एकरभर बागायत असलेल्याला चार गुंठे म्हणजे थोडे नाहीत. त्याला झाडांचं माहात्म्य ऐकवून उपयोग नसतो. मी त्याला एवढंच दाखवलं की हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो, म्हणून सावली झाडाच्या उत्तरेला लांब पडते. खालच्या फांद्या छाटून खोड उंच केलं तर ऊन आत शिरतं. बांधाच्या कडेनं दोन-अडीच फूट खोल चर मारला तर पिकात घुसणाऱ्या मुळ्या तुटतात. तरीही जी पट्टी उरेल तिथं ऊस लावायचा हट्ट सोडून हळद, आलं किंवा जनावराचा घास करावा. नवं झाड लावायचं तर ते उत्तरेच्या बांधावर लावावं, सावली आपल्या पिकावर येत नाही. ती शेजाऱ्याच्या पिकावर जाते, म्हणून आधी त्याच्याशी बोलून घ्यावं, नाहीतर विस्तार अधिकाऱ्याच्या सल्ल्यावरून तहसीलला केस जायची! विद्यापीठात कृषी-वनशेतीवर संशोधन चालतं, कोणत्या झाडाखाली काय येतं ते तिथं जाऊन बघता येतं. आणि चिंच, आंबा, जांभूळ ही झाडं शेतातली असली तरी तोडायला परवानगी लागते. १९६४ पासून तसा कायदा आहे. व्यापारी हे सांगत नाही.

जोतीरावांची शेवटची वर्षं कष्टाची गेली. १८८५ च्या सुमाराला जुन्नर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांची जमीन वाढीव खंडानं कसायला नकार दिला, त्यामागं सत्यशोधकांचं बळ होतं. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात राणीच्या मुलाच्या, ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला ते गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले. दारावरच्या माणसांनी आधी अडवलं म्हणतात. खानदानी पोशाखातल्या पाहुण्यांत उभं राहून त्यांनी सांगितलं की खरा हिंदुस्थान खेड्यात आहे आणि तो अर्धपोटी, उघडा आहे. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. दोन महिन्यांत अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. ठेकेदारीतला पैसा समाजकार्यात संपला होता, घरात ओढ होती. सयाजीराव महाराजांकडून काही मदत आली. अशा अवस्थेत ते डाव्या हातानं लिहीत राहिले. ते पुस्तक, सार्वजनिक सत्यधर्म, त्यांच्या मागं १८९१ साली निघालं.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात राहत्या घरी त्यांचं निधन झालं. आपल्याला दहन न करता घराजवळच मिठात पुरावं अशी त्यांची इच्छा होती. नगरपालिकेनं परवानगी दिली नाही. वारसाहक्काचा वाद उभा राहिला तेव्हा सावित्रीबाई पुढं झाल्या आणि अंत्ययात्रेत टिटवं त्यांनी धरलं. सहा वर्षांनी, १८९७ च्या मार्चमध्ये, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्याही गेल्या. गंज पेठेतलं ते घर फुले वाडा म्हणून जपलेलं आहे. पुण्याला मुलाबाळांच्या ॲडमिशनला किंवा दवाखान्याला जाणं होतंच, तेव्हा अर्धा तास काढून बघून यावं.

यंदा फाल्गुनात पुन्हा त्या बाबांकडं गेलो. हे सगळं त्यांना जमेल तसं सांगितलं. फुले ही कंपनी नसून आपल्यासारखाच भाजीपाला पिकवणारा माणूस होता, आणि कुणब्याच्या दोन-चार शेळ्यांसाठी आणि मोळीभर लाकडासाठी सरकारशी भांडत होता, हे ऐकून ते जरा वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारलं की त्यांची गेलेली इनाम जमीन परत मिळाली का. मी नाही म्हणालो. तोवर मुलगा आला. त्यानं पाडव्यापूर्वी उत्तरेकडच्या खालच्या फांद्या उतरवल्या होत्या, चर अजून मारायचा होता. चिंच झोडपून झालेली, ओसरीवर आजी आणि सुना टरफलं काढत बसलेल्या. व्यापाऱ्याचा नंबर अजून मुलाच्या मोबाईलमध्ये आहे. दिवाळीपर्यंत बघू, असं तो म्हणाला.